सशाच्या गुडघ्यात कूर्चा भरली, म्हणून आपल्याही भरणार?

निशाचर:
काल इथे एकाने लिहिलं, 'प्राण्यांमध्ये स्टेम सेलच्या एका इंजेक्शनने झिजलेली कूर्चा नवी झाली, गुडघे बदलायचे दिवस संपले.' खाली आभारांची रांग. वाचून डोक्यात तिडीक गेली. कूर्चा म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेलं गुळगुळीत अस्तर, आणि स्टेम सेल म्हणजे वेगवेगळ्या ऊती बनू शकणाऱ्या मूळ पेशी.

कुठल्या प्राण्यांमध्ये? असे कितीतरी प्रयोग सशांवरचे आहेत. सशाच्या गुडघ्यातली कूर्चा जेमतेम ०.३ मिमी जाड, माणसाची साधारण २ मिमी किंवा जास्त. त्यात बऱ्याचदा कूर्चेतून थेट खालच्या हाडातही भोक पाडतात. मग हाडाच्या मज्जेतल्या पेशी आपणहून वर येतात आणि कोवळ्या सशाचं लहान भोक काही न टोचताही बऱ्यापैकी भरतं. माणसाची झीज अशी ताजी, गोल, नीट कडांची नसते. ती वर्षानुवर्षांची, अख्ख्या सांध्याची असते. आणि भरलं ते काय? टाइप २ कोलॅजन या प्रथिनाची मूळ कूर्चा, की टाइप १ ची तंतुमय? तंतुमय असेल तर भाराखाली फार टिकत नाही.

रानवारा:
ससा पकडून बसलात, शेळ्या सोयीस्करपणे विसरलात. २००३ चा प्रयोग. गुडघ्यातली मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांमधली गादी, काढली, हाडं जोडणारं लिगामेंट कापलं, सहा आठवड्यांनी शेळीच्याच मज्जेतून वाढवलेल्या पेशी हायल्युरोनिक ॲसिडमधून, म्हणजे सांध्यातल्या वंगणासारख्या द्रावातून, टोचल्या. मेनिस्कससारखी ऊती परत आली, कूर्चेची हानी कमी झाली. नुसतं हायल्युरोनिक ॲसिड दिलेल्या शेळ्यांपेक्षा हे गुडघे स्पष्टपणे बरे होते. मोठा प्राणी, भार घेणारा गुडघा. आणखी काय हवं?

निशाचर:
'हानी कमी झाली' हे तुम्हीच लिहिलंत. झीज मंदावणं वेगळं आणि गेलेली कूर्चा परत येणं वेगळं. टोचलेल्या पेशींपैकी फार थोड्या सांध्यात टिकतात. या पेशींना 'स्टेम सेल' असं नाव देणारे संशोधक कॅप्लनसुद्धा पुढे हेच सांगत होते की त्यांचं मुख्य काम रेणू स्रवून दाह आवरण्याचं आहे, स्वतः ऊती बनण्याचं नाही.

शेपटीवाली:
तुमचं कोलॅजन तुमच्यापाशी ठेवा. माझी लॅब्राडॉर खुब्याच्या दुखण्याने उठायलाही कण्हायची. चरबीतल्या पेशी टोचल्या आणि महिन्याभरात ती दारापर्यंत धावत यायला लागली. हे मी रोज डोळ्यांनी पाहिलंय.

काटेकोर:
डोळ्यांचाच तर प्रश्न आहे, ताई. २०१२ च्या एका अभ्यासात खोटं औषध मिळालेल्या लंगड्या कुत्र्यांकडे पाहिलं. कितीतरी मालकांना ती सुधारलेली वाटली, पशुवैद्यांनाही वाटली. पावलांचा जोर मोजणारी फोर्स प्लेट मात्र तसं दाखवत नव्हती.

शेपटीवाली:
म्हणजे मी खोटं बोलते? रात्र रात्र तिच्याशेजारी बसले आहे मी. तुम्ही तिला कण्हताना ऐकलंत का?

काटेकोर:
खोटं कोण म्हणालं? ज्याच्यावर जीव आहे त्याची चाल तपासायला आपण सगळ्यात वाईट परीक्षक असतो, एवढंच. आणि सांधेदुखीत चढउतार असतातच. सगळ्यात वाईट दिवसांत आपण इंजेक्शनला जातो, पुढचे दिवस तसेही जरा बरे येतात.

खुरपाऊल:
पशुवैद्य म्हणून सांगतो, दोघेही थांबा. फोर्स प्लेटचाच हट्ट असेल तर २०१४ चा अभ्यास बघा. खुब्याची सांधेदुखी असलेली कुत्री, स्वतःच्याच चरबीतल्या पेशी. पहिले तीन महिने पायावरचा भार खरोखर वाढला. सहाव्या महिन्यापर्यंत परत जवळपास होता तिथे आला. शेपटीवालींना दिसलं ते खरं असू शकतं. कूर्चा उगवली असती तर मात्र ते असं ओसरलं नसतं. घोड्यांसाठी युरोपात २०१९ मध्ये अशा पेशींच्या औषधांना मान्यता मिळाली, तीही सांध्याच्या दाहाने येणारं लंगडणं कमी करण्यासाठी.

काटेकोर:
तीन महिन्यांचं मान्य. नाइलाजाने, पण मान्य.

सांजवेळ:
तुमचा कुत्र्यांचा वाद चालू दे. माझ्या वडिलांना एका दवाखान्यात सशाच्या कूर्चेचे आधी-नंतरचे फोटो दाखवून इंजेक्शनं विकली. पैसे गेले, त्या भरवशावर व्यायाम सोडला, मांडीचे स्नायू गेले. शेवटी सांधा बदलावाच लागला आणि तोवर पायात ताकद उरली नव्हती. रानवारा, तुमच्या शेळ्यांचे फोटोही कुणीतरी असेच वापरतं. राग येतो हो.

रानवारा:
वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण विकणाऱ्याचं पाप संशोधकाच्या माथी का मारता?

सांजवेळ:
कारण 'कूर्चेचे पुनरुज्जीवन' असं शीर्षक संशोधकच देतात. माणसांवरची २०२३ ची मोठी चाचणी बघा. मज्जा, चरबी, नाळ, तिन्हीकडच्या पेशी साध्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनपेक्षा वर्षाअखेरीस सरस ठरल्या नाहीत. त्याच्याखाली आभार मानायला कुणी फिरकलं नाही.

रानवारा:
ठीक आहे. मूळ पोस्टमधलं 'नवी झाली' खोडून 'दुखणं काही महिने कमी झालं' करा, मला चालेल. पण प्राण्यांवरचे प्रयोगच निरुपयोगी, हे मी ऐकून घेणार नाही.

निशाचर:
तसं मी कुठेही म्हटलेलं नाही. वय झालेले, आधीपासून सांधा झिजलेले प्राणी घ्या. बारा आठवड्यांत गुंडाळू नका, वर्षभर थांबा. सूक्ष्मदर्शकाखाली कूर्चेच्या स्लाइड तपासणाऱ्याला कुठला गट कोणता ते कळू देऊ नका. त्यातून जी कूर्चा दिसेल तिचा फोटो इथे टाका, पहिला आभार माझा असेल.