भोंडला ठेवून बघा

सोसायटीच्या नवरात्रात आजी-आजोबा खुर्च्यांवर आणि मुलं स्पीकरपाशी, त्यांना एकत्र आणायचं कसं, असा प्रश्न असेल तर भोंडला ठेवा, म्हणजे पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून गाणी म्हणायची. पाटावरचा हत्ती मुलांनी काढायचा, गाणी आज्यांनी सांगायची, त्यांना अजून तोंडपाठ असतात. आमच्याकडे विदर्भातल्या एक आजी भुलाबाईची, म्हणजे तिकडच्या भोंडल्यासारख्या खेळाची, गाणी म्हणायला लागल्या, मग साताऱ्याच्या काकू म्हणाल्या आमचा हादगा, म्हणजे भोंडलाच, 16 दिवस, रोज एक गाणं वाढायचं, आणि मुलं चक्क मोबाइल सोडून ऐकत बसली. गुडघे दुखणाऱ्यांना फेरात नका उभं करू, खिरापतीचा, म्हणजे शेवटी वाटायच्या खाऊचा, झाकलेला डबा त्यांच्या मांडीवर द्या, आत काय ते ओळखायला "गोड की तिखट?" करत पोरं आपोआप भोवती गोळा होतात. आजोबांनाही एखादा डबा द्याच, नाहीतर ते लांबच बसून राहतात.