आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या) आकडेवारीसाठी काय घ्यावं? बजेट २० हजार

पेठेतला_सांख्यिक
नमस्कार मंडळी. एमएस्सी स्टॅटिस्टिक्स करून कोल्हापुरातल्या एका कॉलेजात आयक्यूएसीला लागलोय. नॅकच्या (कॉलेजांना मानांकन देणाऱ्या संस्थेच्या) एसएसआरसाठी, म्हणजे स्वयंमूल्यमापन अहवालासाठी, पाच वर्षांचा डेटा जमवायचा, शिवाय दरवर्षी एक्यूएआर (नॅकचा वार्षिक अहवाल), एनआयआरएफ (सरकारी क्रमवारी) आणि आयशेचा (उच्च शिक्षण सर्वेक्षणाचा) फॉर्म. मंजूर २० हजार, वर एक रुपया नाही. लॅपटॉप घेऊ की सॉफ्टवेअर? जुनी जनरल रजिस्टरं कागदावरच आहेत.

रंकाळा_काठ
भावा, २० हजारात काय येतंय? ६५ हजारांचा लॅपटॉप घे, १६ जीबी रॅमचा. माझा तीन वर्षांत एकदा अडला नाही. नाद नाही करायचा!

गडहिंग्लजकर
ईआरपीच्या (कॉलेजचा सगळा कारभार सांभाळणाऱ्या विकतच्या सॉफ्टवेअरच्या) नादाला लागू नका. आम्ही घेतली, वर्षभरानं त्यांचा माणूस फोन उचलेना आणि डेटा त्यांच्या सर्व्हरवर. घेतलीच तर डेटा परत मिळायची अट करारात लिहून घ्या.

कॉमर्सच्या_मॅडम
एक्सेल पुरतं, पण जपून. आमचे जुने पीआरएन (विद्यापीठानं मुलांना दिलेले कायम नोंदणी क्रमांक) १६ आकडी. एक्सेल १५ आकड्यांपुढं शून्य घालतं, त्यामुळं दहा-दहा मुलं एकाच नंबरावर आली. मी रात्रभर रडकुंडीला आले होते. पेस्ट करायच्या आधी कॉलम टेक्स्ट करा. आणि नावावरून जुळवू नका, आमच्या एका तुकडीत तीन पूजा पाटील होत्या.

रंकाळा_काठ
एक्सेलला पण रॅम लागतेच की.

उजळाईवाडी
पीआरएनचा कॉलम टेक्स्ट करा, हे मी पण सांगणार होतो. आर (आकडेवारीसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा) शिका, फुकट आहे.

गडहिंग्लजकर
आर शिकून काय करणार? नॅक आलं की फायली रंगवायच्या, गेलं की कपाटात.

कॉमर्सच्या_मॅडम
सर, हे पटलं नाही. आम्ही पहिल्या वर्षाची गळती तालुक्यानुसार काढली. गगनबावडा, शाहूवाडीकडची मुलं जास्त गळत होती. विचारलं तर सकाळच्या प्रॅक्टिकलला पोचायला एसटीच नव्हती. प्राचार्यांनी वेळ बदलली. शाहू महाराजांनी १९०२ साली नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखीव ठेवल्या, त्या कोल्हापुरात कोण शिकतंय नि कोण सुटतंय याचा हिशोब नीट नको का?

उजळाईवाडी
मॅडमना अनुमोदन. पण आर शिकाच.

पेठेतला_सांख्यिक
सगळ्यांचे आभार. लॅपटॉप नाही, विकतचं सॉफ्टवेअर नाही. ऑफिसच्या जुन्या पीसीवर लिब्रेऑफिस (एक्सेलचं काम करणारं फुकट सॉफ्टवेअर) टाकलं आणि सरांना विनंती करून सगळे पैसे ‘कमवा आणि शिका’ योजनेतल्या दोन मुलींच्या मानधनाला वळवले. दोघी तेच पान वेगवेगळं टाइप करतात, मी दोन्ही फायली ताडून बघतो. फरक आला की मूळ रजिस्टर उघडायचं. पहिल्या ४० पानांत १७ जागी फरक निघाला, त्यातल्या ११ जागी रजिस्टरातच खाडाखोड आहे. मॅडम, खाडाखोडीच्या नोंदी तुम्ही कशा ठरवल्या होत्या? दाखल्यावरून की प्रवेश अर्जावरून?