मदत हवी आहे: टीममध्ये फूटप्रिंट लायब्ररी एकसारखी कशी ठेवता?

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघे-पाचजण किकॅड या सर्किट बोर्ड डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर बोर्ड करतो. कोणी किकॅडसोबत आलेले फूटप्रिंट (पार्ट बोर्डावर बसतो तिथल्या तांब्याच्या पॅडचा नकाशा) वापरतो, कोणी नेटवरून उतरवतो, कोणी डेटाशीट बघून स्वतः काढतो. त्यामुळे एकाच एसओटी-२३ पॅकेजचे (ट्रान्झिस्टरसारख्या छोट्या पार्टचा ठरावीक आकार) बरेच अवतार फिरताहेत आणि नाव मात्र सगळ्यांचं तेच.

पॅड जरा लांब-आखूड असला तर सोल्डरिंग निभावतं. वैताग आहे तो दुसऱ्याच गोष्टींचा. एका फूटप्रिंटमध्ये पिन १ वर डावीकडे, दुसऱ्यात खाली डावीकडे. लेआउटमध्ये कळत नाही. पिक अँड प्लेसची फाइल (पार्ट कुठे, किती फिरवून ठेवायचा ते मशीनला सांगणारी) दिली की काही आयसी ९० अंशांनी फिरलेले आणि असेंब्लीवाल्यांचा फोन ठरलेला.

दुसरं, पिन नंबर. एएमएस१११७ या व्होल्टेज रेग्युलेटरच्या एसओटी-२२३ पॅकेजमध्ये टॅब (धातूची रुंद पट्टी) आणि मधली पिन आतून जोडलेली, दोन्ही आउटपुट. आमच्या एका लायब्ररीत टॅबला नंबर २, दुसरीत ४. सिम्बॉलमध्ये (सर्किटच्या आकृतीतल्या चिन्हात) चौथी पिनच नसेल तर ४ नंबरच्या टॅबच्या पॅडला नेट (जोडणी) लागत नाही, कॉपर पोअर (बोर्डावरचा तांब्याचा भरीव भाग) त्याला वळसा घालून जातो, आणि रेग्युलेटरची उष्णता जिथून जायची तीच वाट बंद. ईआरसी (जोडण्यांची आपोआप तपासणी) फक्त सर्किटची आकृती बघते, ती गप्प.

विचार असा आहे की सगळ्यांसाठी एकच गिट रेपो (फाइलींच्या आवृत्त्या जपणारा साठा) करून प्रत्येक प्रोजेक्टमध्ये तो सबमॉड्यूल (आत जोडलेला रेपो) म्हणून घ्यावा. अडतंय ते जुन्या बोर्डांपाशी. फूटप्रिंटची प्रत बोर्डाच्या फाइलमध्येच असते, म्हणजे लायब्ररी सुधारली तरी बोर्ड तसाच. आणि सरसकट अपडेट मारलं तर पास झालेला बोर्डही बदलणार. तुम्ही काय करता?

प्रतिसाद १
सबमॉड्यूल योग्यच. तो ठरावीक कमिटवर (नोंदवलेल्या आवृत्तीवर) थांबतो, त्यामुळे जुन्या बोर्डांना हात लावायची गरज नाही. नियम एकच, पण कडक: पॅड बदलले की नाव बदलायचं, जुनी फाइल तशीच ठेवायची. मापांसाठी आयपीसी-७३५१ या पॅडच्या मापांच्या मानकाची नॉमिनल (मधली) पातळी धरा. चिप पार्टच्या नावात किकॅडसारखे दोन्ही कोड हवेतच, ०६०३ (इंचातला) आणि १६०८ मेट्रिक (मिमीतला). नुसतं ०६०३ लिहिलं तर कोणीतरी ०.६ × ०.३ मिमीचा पार्ट मागवतोच. आणि किकॅड ७ पासून डीआरसी (बोर्डाच्या लेआउटची तपासणी) 'फूटप्रिंट लायब्ररीशी जुळत नाही' अशी वॉर्निंग देते, ती बंद करू नका. लोक हटकून करतात.

धागाकर्ता
धन्यवाद. शून्य अंशाची दिशा (फूटप्रिंट न फिरवता पिन १ कुठे) कुठली धरलीत?

प्रतिसाद १
दोन्ही पद्धती वापरात आहेत, म्हणून तर हा घोळ. तुमचा पाया किकॅडचा आहे, तर पिन १ वर डावीकडे हीच धरा, नाहीतर अर्धी लायब्ररी फिरवत बसाल. डायोडचा पॅड १ कॅथोड. उतरवलेला फूटप्रिंट दुसऱ्या कोणी डेटाशीटशी ताडून बघितल्याशिवाय मर्ज करू नका.