तुरुंगातील बंद्यांच्या मानसिक उपचारांची कायदेशीर जबाबदारी कोणावर?

भीमाकाठ

तुरुंगात असताना एखाद्या बंद्याचा मानसिक आजार बळावला, उपचार मिळाले नाहीत आणि त्यातून त्याने जीव दिला, तर कायद्याने जाब कोणाला विचारायचा? माझे मत आधीच मांडते. जाब राज्य शासनाने द्यायचा, आणि अमुक डॉक्टरचा किंवा तमुक शिपायाचा हलगर्जीपणा सिद्ध करण्याचे ओझे मृताच्या कुटुंबावर असता कामा नये.

कायद्यात तरतुदी नाहीत असे मुळीच नाही. १८९४ च्या कारागृह अधिनियमाचे कलम १४ आजही वाचण्यासारखे आहे. तुरुंगातील शिस्तीमुळे किंवा वागणुकीमुळे बंद्याच्या मनावर विपरीत परिणाम होत आहे किंवा होण्याची शक्यता आहे असे वैद्यकीय अधिकाऱ्याला वाटले, तर त्याने अधीक्षकाला तसे लेखी कळवायचे आणि तो अहवाल अधीक्षकाच्या आदेशासह कारागृह महानिरीक्षकांपर्यंत गेला पाहिजे, असे ते सांगते. परकीय सत्तेने केलेल्या कायद्यातही बंद्याच्या मनाची एवढी दखल आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ५६ नुसार आरोपीच्या आरोग्याची आणि सुरक्षिततेची वाजवी काळजी घेणे हे ज्याच्या ताब्यात तो आहे त्याचे कर्तव्य आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ तर याच्याही पुढे जातो. तुरुंगातील सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूलभूत व तातडीच्या मानसिक उपचारांचे प्रशिक्षण द्यावे (कलम ३१), प्रत्येक राज्यातील किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना, म्हणजे मानसिक रुग्णांवरील उपचारांचे केंद्र, असावी (कलम १०३), आणि आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या तणावग्रस्त व्यक्तीची शुश्रूषा, उपचार व पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य राहील (कलम ११५).

प्रत्यक्षात काय घडते ते मी वकील म्हणून पाहिले आहे. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाकडून माझ्याकडे आलेला एक तरुण न्यायाधीन (खटल्याचा निकाल अजून न लागलेला) बंदी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगच्या पडद्यावर हजर होता. त्याला नाव विचारले तेव्हा तो शेजारच्या भिंतीकडे पाहत राहिला, आणि मागे उभ्या असलेल्या शिपायाने त्याच्या वतीने नाव सांगितले. न्यायालयाच्या रोजनाम्यात (दैनंदिन कामकाजाच्या नोंदीत) नोंद झाली, ‘आरोपी हजर, तक्रार नाही’. मी अर्ज दिल्यावर तपासणीचा आदेश निघाला. मात्र मनोरुग्णालयात न्यायला पोलीस गार्ड उपलब्ध नाही या कारणाने ती तपासणी तारखेमागून तारीख लांबत गेली. या प्रकरणात हलगर्जी एकाची म्हणता येत नाही, आणि म्हणूनच कुटुंबाने एका माणसाकडे बोट दाखवावे ही अपेक्षा अन्यायाची आहे.

रुदल शाह (१९८३) आणि नीलाबती बेहेरा (१९९३) या निवाड्यांपासून मूलभूत हक्कांच्या भंगाबद्दल राज्याने थेट भरपाई देण्याचे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे. १५ सप्टेंबर २०१७ च्या निकालात, २०१२ ते २०१५ या काळात तुरुंगात अनैसर्गिक मृत्यू झालेल्या बंद्यांच्या वारसांना शोधून भरपाई देण्यासाठी उच्च न्यायालयांनी स्वतःहून याचिका दाखल करून घ्याव्यात, असेही सांगितले गेले. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार एकट्या २०२२ मध्ये देशभरातील तुरुंगांत ११९ आत्महत्या झाल्या. यातील प्रत्येक घराने स्वतंत्रपणे कोर्टाची पायरी चढायची का?

सातपुडा

मी अनेक वर्षे तुरुंगात वैद्यकीय अधिकारी होतो. आपली तळमळ मला पटते, परंतु आपण सुचवलेला मार्ग पटत नाही. भरपाई राज्य देईल हे खरे, पण नंतर चौकशीची नोटीस येते ती डॉक्टरच्या नावे. याच २०१७ च्या कायद्याचे कलम १०८ पाहा. तरतुदींचा भंग करणाऱ्यास पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तुरुंगातील दवाखान्याचे काम लोकांना ठाऊक नसते. संध्याकाळी बराकी बंद होण्याआधी झोपेच्या आणि मनाच्या आजाराच्या गोळ्या एकेकाच्या तळहातावर ठेवायच्या, पाणी प्यायल्यावर तोंड उघडायला लावून जिभेखाली पाहायचे, कारण साठवलेल्या गोळ्या विड्यांच्या बदल्यात विकल्या जातात किंवा एकदम गिळल्या जातात. खरूज, क्षयरोग, मधुमेह आणि नव्याने दाखल झालेल्यांची तपासणी हे सगळे सांभाळून एका एमबीबीएस डॉक्टरने हे करायचे असते. इंडिया जस्टिस रिपोर्ट २०२५ प्रमाणे देशातील सुमारे पावणेसहा लाख बंद्यांसाठी तुरुंगांत मानसशास्त्रज्ञ व मनोविकारतज्ज्ञ मिळून फक्त २५ जण आहेत. हलगर्जीपणा सिद्ध करण्याची गरजच उरली नाही, तर प्रत्येक डॉक्टर स्वतःला वाचवण्यासाठी दिसेल त्या बंद्याला मनोरुग्णालयात पाठवण्याची चिठ्ठी लिहील. गार्ड मिळणार नाही, मिळाला तरी तिकडून ‘उपचार तुरुंगातच सुरू ठेवावेत’ असा शेरा येईल, आणि ज्याला खरोखर जायला हवे तो रांगेत मागे पडेल.

माझ्या मते तुरुंगातील आरोग्यसेवा गृह विभागाच्या छत्राखालून काढून संपूर्णपणे सार्वजनिक आरोग्य विभागाकडे द्यावी. इंग्लंडने २००६ पर्यंत हे हस्तांतर पूर्ण केले. जो विभाग कुलूप लावतो त्याच्याच हाताखाली डॉक्टर असेल, तर कारागृह अधिनियमाच्या कलम १४ चा अहवाल लिहिताना त्याचा हात अडखळणारच.

दगडीपूल

दोघांनाही विनंती, की तुरुंगाबाहेरही पाहावे. माझ्या तालुक्यात एकही मनोविकारतज्ज्ञ नाही. कर्जाने खचलेला शेतकरी जीव देतो तेव्हा त्याच्या उपचारांसाठी राज्याला कोण जबाबदार धरतो? मग ज्याच्यावर खुनाचा आरोप आहे त्याला हा हक्क आधी का? शिवाय शिक्षा टाळण्यासाठी वेडाचे सोंग घेणारेही कमी नसतात. त्या गुन्ह्यात ज्यांचे माणूस गेले, त्यांचा या धाग्यात कुठे उल्लेखही नाही.

भीमाकाठ

दगडीपूल, आपल्या तालुक्याबद्दलचा राग रास्त आहे. २०१७ च्या कायद्याच्या कलम १८ ने मानसिक उपचारांचा हक्क प्रत्येकाला दिलेला आहे, तेव्हा शेतकऱ्यासाठीही तो मागितलाच पाहिजे. परंतु त्या शेतकऱ्याला एसटीने जिल्ह्याच्या गावी जाता येते आणि त्याचा भाऊ त्याला बळेच नेऊ शकतो. बंद्याला राज्याने कुलपात ठेवले आहे, त्याचे जाणे, भेटणे, खाणे, झोपणे सगळे राज्याच्या हाती आहे. राज्याचे उत्तरदायित्व त्या कुलपातून येते, बंदी चांगला की वाईट यावर ते अवलंबून नाही. तसेच देशातील सुमारे तीन चतुर्थांश बंदी न्यायाधीन आहेत, म्हणजे त्यांच्यावरचा आरोप अजून सिद्ध व्हायचा आहे. सोंग आहे की आजार, हे मनोविकारतज्ज्ञच सांगू शकतो, आणि म्हणूनच सोंगाची भीती हा तज्ज्ञ नेमण्याच्या बाजूचा मुद्दा ठरतो. महाराष्ट्रातील एका प्रकरणात (२०१९) फाशीची शिक्षा कायम झालेल्या कैद्याला नंतर जडलेला तीव्र मानसिक आजार ध्यानात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा जन्मठेपेत बदलली, आणि त्याला २०१७ च्या कायद्याखालील हक्क मिळतात का हे पाहण्यास राज्याला सांगितले. पीडित कुटुंबांना आधार मिळालाच पाहिजे, पण बंद्याचे औषध बंद करून तो मिळत नाही.

सातपुडा, आपण वर्णन केलेली स्थिती पाहिली की माझे मत अधिकच ठाम होते. पंचवीस तज्ज्ञ ही डॉक्टरची चूक नाही, शासनाची आहे. म्हणूनच भरपाईचा प्रश्न डॉक्टरच्या दोषापासून वेगळा काढा असे मी म्हणते. दोष सिद्ध करण्याची अट असेल, तर वकील डॉक्टरच्याच मागे लागतील, कारण कागदावर सही त्याची असते.

रुजवात

मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. तुरुंगात उत्तम मानसिक उपचार मिळाले पाहिजेत या आग्रहात एक धोका आहे, तो असा की उपचारांच्या नावाखाली आजारी माणूस आतच राहतो. हजारीबागच्या तुरुंगात बरे झालेले मनोरुग्ण बंदी दोन दशकांहून अधिक काळ कसे विसरले गेले, हे वीणा सेठी प्रकरणात (१९८२) देशाने पाहिले. आसाममध्ये १९५१ मध्ये पकडलेला एक माणूस खटला न चालता २००५ मध्ये सुटला, आणि मनोरुग्णालयाने बरा ठरवल्यानंतरही त्यातली बहुतेक वर्षे त्याने तुरुंगातच काढली. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ नुसार आरोपीची मनःस्थिती ठीक नसल्याची शंका आली तर चौकशी करणे हे न्यायदंडाधिकाऱ्याचे काम आहे आणि कलम ३६९ मध्ये त्याला जामिनावर सोडण्याची वाट आहे. पहिली जबाबदारी कोठडीच्या आदेशावर सही करणाऱ्या न्यायालयाचीच आहे. भीमाकाठ यांच्या पक्षकाराने भिंतीकडे पाहिले तेव्हा न्यायालयानेही पडद्यावर तेच पाहिले होते.

सातपुडा

रुजवात यांचे म्हणणे मान्य. भरपाई आणि डॉक्टरचा दोष वेगळे ठेवण्याबद्दल माझा विरोध थोडा सौम्य होतो, पण एक अडचण तशीच राहते. २०१७ च्या कायद्याच्या कलम १०३ नुसार तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी त्याच कायद्याखालील मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे अहवाल पाठवायचा असतो, आणि त्यात प्रमाणित करायचे असते की तुरुंगात मानसिक आजारी बंदी नाहीत. आहेत असे लिहिले तर मंडळ विचारू शकते की मग हलवले का नाही. त्याचे उत्तर माझ्या हाती नसते. अशा कागदावर खरे लिहिणाऱ्या डॉक्टरला संरक्षण कोण देणार?

भीमाकाठ

माझ्या मते संरक्षण त्या कागदातूनच निघायला हवे. अहवालात खरा आकडा, हलवण्याची शिफारस कोणत्या तारखेला केली ती तारीख आणि गार्ड मागितल्याच्या पत्राचा जावक क्रमांक लिहिलेला असेल, तर त्यापुढची जबाबदारी डॉक्टरची उरत नाही, ती गार्ड न देणाऱ्याची आणि पद न भरणाऱ्याची होते. याउलट ‘निरंक’ लिहून सही केली, तर डॉक्टर स्वतःच शासनाची ढाल बनतो. त्यासाठी हा अहवाल जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेही जावा आणि मृत्यूनंतरच्या न्यायदंडाधिकारीय चौकशीत आधीच्या वर्षभराचे असे सर्व अहवाल मागवणे सक्तीचे असावे, एवढी दुरुस्ती राज्याच्या नियमांत व्हावी अशी माझी मागणी आहे. रुजवात यांच्या मुद्द्यासाठी त्यात आणखी एक ओळ जोडते: कोठडी वाढवण्याच्या प्रत्येक आदेशात न्यायालयाने आरोपीशी स्वतः काय बोलणे झाले ते नोंदवावे.