जुन्या रॅले सायकलसाठी सीट पोस्टचे नेमके माप कसे ठरवावे?

असगोलीकर:

नमस्कार. माझे मामा बोटीवर नोकरीला होते आणि १९७० च्या दशकात त्यांनी इंग्लंडहून एक रॅले सायकल आणली होती. ती अनेक वर्षे त्यांच्या घराच्या माळ्यावर पडून होती. या उन्हाळ्यात मी ती खाली उतरवून साफ केली. फ्रेम पोलादाची आहे, सांध्यांवर लग (नळ्या जोडणारी पोलादी खोबणी) आहेत आणि सीटच्या नळीवर रेनॉल्ड्स ५३१ या पोलादी नळ्यांचे स्टिकर अर्धवट वाचता येते. चाके, ब्रेक आणि साखळी यांचे काम झाले आहे. अडले आहे ते फक्त सीट पोस्टवर, म्हणजे सीट ज्या दांडीवर बसते तिच्यावर.

सायकलवर सध्या असलेली दांडी मूळची नसावी. ती साधी लोखंडी असून व्हर्नियरवर २५.४ मिलिमीटर भरते, आणि नळीत घट्ट बसावी म्हणून कोणीतरी तिच्याभोवती पत्रा गुंडाळलेला आहे. बोल्ट आवळला की नळीच्या तोंडाशी असलेल्या खाचेच्या दोन्ही बाजूंचे कान एकमेकांना टेकतात, तरीही वेळणेश्वरच्या वाटेवर एक चढ चढून होईपर्यंत सीट दोन बोटे खाली सरकलेली असते. नळीच्या तोंडाशी मी स्वतः माप घेतले, तेव्हा आडव्या दिशेने २६.१ आणि पुढून मागे २६.८ असे दोन वेगळे आकडे मिळाले. एका दुकानात २७.२ ची नवी दांडी हातोडीने ठोकून बसवण्याची तयारी सुरू झाली होती. मी ती वेळीच थांबवली. मामांची ही एकच वस्तू आमच्याकडे उरली आहे, त्यामुळे फ्रेमला इजा होऊ न देता योग्य माप कसे शोधावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुने चाक:

माझ्या मते आपण २७.२ च घ्यावी. अशा फ्रेमच्या सीट ट्यूबचा बाहेरचा व्यास २८.६ मिलिमीटर, म्हणजे सव्वाइंचापेक्षा एक सूत कमी असतो. ५३१ ची नळी पातळ असल्यामुळे वरच्या टोकाला भिंत साधारण ०.६ मिलिमीटरची असते. दोन्ही बाजूंची भिंत वजा केली की २७.४ उरतात आणि ग्रीससाठी थोडी जागा सोडली की २७.२ ची दांडी बसते. माझ्याकडच्या ५३१ फ्रेमला हेच माप आहे. तुमच्या नळीचे तोंड आवळून दबले असेल, म्हणूनच आकडा कमी येत असावा.

लेथवरचा माणूस, चिपळूण:

वरील गणित बरोबर आहे, परंतु ते ५३१ च्या एकाच प्रकाराला लागू पडते, म्हणून घाईने खरेदी करू नये अशी माझी विनंती आहे. ५३१ हे मिश्रधातूचे नाव आहे, जाडीचे नव्हे. त्याच पोलादाच्या नळ्या दोन तऱ्हांनी मिळत असत. बटेड नळीची जाडी टोकांना जास्त आणि मध्ये कमी असते. सीट ट्यूब मात्र बहुधा फक्त खालच्या टोकाला जाड ठेवत, त्यामुळे वर ती पातळच राहते आणि २७.२ ची दांडी घेते. प्लेन गेज नळी सर्वत्र एकाच जाडीची असते. ती २० गेजची असेल तर भिंत ०.९ मिलिमीटरची, म्हणजे आतला व्यास २६.८ च्या जवळपास, आणि अशा नळीला २६.६ च्या आसपासची दांडी लागते. म्हणून आधी ते अर्धवट स्टिकर ओल्या मऊ कापडाने हळुवार पुसून त्यावर ‘बटेड’ लिहिले आहे की ‘प्लेन गेज’, ते वाचावे. रॉकेल किंवा थिनर लावू नये, अक्षरे निघून जातील.

आता मोजण्याविषयी. व्हर्नियरचे आतले जबडे जेमतेम दीड सेंटिमीटर आत जातात आणि नेमका तेवढाच भाग सर्वांत जास्त बिघडलेला असतो. बारीक दांडीवर वर्षानुवर्षे बोल्ट आवळला की खाच मिटत जाते आणि तोंड अंड्यासारखे होते. आपले दोन आकडे तेच सांगतात. आडवे माप २६.१ हे दबलेल्या तोंडाचे आहे, तर पुढून मागचे २६.८ सत्याच्या जवळ असण्याची शक्यता मला जास्त वाटते. परंतु ‘जवळ’ इथे पुरेसे नाही, कारण या दांड्या ०.२ मिलिमीटरच्या टप्प्यांनी बनतात आणि एका टप्प्याची चूकही सीट सरकण्यास किंवा दांडी अडकण्यास पुरते.

खरे माप खाचेच्या खाली, लग संपल्यानंतरच्या अखंड नळीत घ्यावे लागते. त्याआधी आतला गंज काढणे अत्यावश्यक आहे, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि आपल्याकडच्या खाऱ्या हवेत माळ्यावर राहिलेली नळीही आतून साफ नसते. बाटली धुण्याच्या ब्रशसारखा तारेचा गोल ब्रश आणि रॉकेल यांनी आतला भाग घासावा, मग फ्रेम उलटी करून चिंधीने कोरडा करावा. खाचेच्या कडेला आतून धार आली असेल तर ती बारीक गोल कानशीने मोडावी. दबलेले तोंड उघडण्यासाठी खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून पिळू नये. त्याने फक्त कान वाकतात आणि नळी तशीच राहते. बोल्ट पूर्ण काढून, तेल लावलेला, किंचित निमुळता पोलादी गुल्ला वरून हळूहळू दाबत नेला की तोंड गोल होते.

यानंतर कोणत्याही लेथवर ॲल्युमिनियमच्या सळईचे २६.४, २६.६ आणि २६.८ या मापांचे तीन तुकडे करून घ्यावेत. प्रत्येक तुकडा दोन इंच लांब असावा आणि त्याच्या मागे वीतभर लांबीचा बारीक दांडा ठेवावा, म्हणजे तुकडा खाच ओलांडून पूर्णपणे अखंड नळीत जातो. एकाच सळईवर पायऱ्या पाडलेले माप पुष्कळ जण वापरतात, पण त्यात मोठी पायरी तोंडाशीच अडते आणि आपण पुन्हा तोंडच मोजत बसतो. जो सर्वांत मोठा तुकडा तेल लावून, हाताने फिरवत, ठोकल्याशिवाय आत सरकतो आणि आत गेल्यावर डुगडुगत नाही, तेच दांडीचे माप.

वेंगुर्ल्याचा सायकलवाला:

आमच्याकडे मधल्या मापाची दांडी मिळत नाही, तेव्हा आम्ही दोनपैकी एक उपाय करतो. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो. त्याचा एक वेढा दिला की व्यास ०.२ ने वाढतो. किंवा नळी आतून रीमरने २७.२ पर्यंत मोठी करायची, म्हणजे बाजारात सहज मिळणारी दांडी बसते. दोन्हींत खर्च कमी येतो.

लेथवरचा माणूस, चिपळूण:

पत्र्याचा वेढा एका टप्प्याचा फरक भरून काढण्यापुरता चालतो, तोही तो खाचेच्या खालपर्यंत पोहोचत असेल आणि त्याची टोके एकमेकांवर चढत नसतील तर. इथे सायकलवरची दांडी २५.४ ची होती, म्हणजे एक मिलिमीटरहून अधिक अंतर पत्र्याने भरले होते, आणि कान टेकण्याचे कारणही तेच आहे. कान एकमेकांना टेकले की बोल्टचा जोर दांडीवर न जाता कानांवरच खर्च होतो आणि पुढे लगला तडा जातो. योग्य दांडीवर बोल्ट आवळल्यानंतर खाचेच्या दोन्ही कडा जवळपास समांतर राहतात.

रीमरचा उपाय मात्र या फ्रेमवर करू नये असे मी आग्रहाने सांगेन. ०.९ मिलिमीटर भिंतीतून प्रत्येक बाजूने ०.३ काढले, तर एक तृतीयांश धातू गेला. तोही नेमका त्या जागी, जिथे बसणाऱ्याचा सर्व भार दांडीच्या तरफेने नळीवर येतो. बाजारातल्या दांडीसाठी फ्रेम बदलणे मला पटत नाही.

सुरूच्या बनात, मालवण:

माप ठरल्यावर दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे, हे स्वतःच्या नुकसानीवरून सांगत आहे. नवी दांडी ॲल्युमिनियमची असेल आणि फ्रेम पोलादाची, तर खारी हवा व पावसाचे पाणी यांमुळे दोन धातूंच्या सांध्यात गंजासारखा पांढरा थर धरतो आणि दांडी नळीत जणू वितळवून जोडल्यासारखी होते. माझ्या सायकलची दांडी दोन पावसाळे न हलवल्याने अशीच अडकली होती. सगळे फ्रेम तापवा असे सांगत होते, पण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे दोन्ही एकत्र तापले की ती अधिकच आवळते. शेवटी चार दिवस वरून आणि खालून तेल मुरवले, दांडीभोवती बर्फ लावला आणि सीट लावून फिरवत राहिले, तेव्हा ती सुटली. आता मृगाच्या आधी एकदा आणि पावसाळ्यात दर महिन्याला मी दांडी बाहेर काढून पुसते, ग्रीस लावून परत बसवते. भिजून घरी आल्यावर दांडी काढून फ्रेम उलटी टांगली, तर नळीतले पाणीही निघून जाते.

दुसरे म्हणजे, तुमच्याकडे जुनी चामड्याची सीट असेल तर तिच्या खालच्या सळ्या पाहून घ्या. दोन सळ्यांची सीट नव्या दांडीच्या डोक्यात बसते, पण चार सळ्यांच्या जुन्या स्प्रिंगच्या सीटला जुन्या पद्धतीची, वर २२.२ मिलिमीटरपर्यंत बारीक झालेली साधी दांडीच लागते. हे न पाहता मी पैसे घालवले आहेत.

असगोलीकर:

सर्वांचे मनापासून आभार. पंधरा दिवस लागले, म्हणून उशिरा लिहीत आहे.

स्टिकर ओल्या कापडाने पुसल्यावर ‘प्लेन गेज’ ही अक्षरे स्पष्ट दिसली. आतून रॉकेलने घासल्यावर तपकिरी पाण्याचा अर्धा तांब्या निघाला. तोंड उघडण्यासाठी गुल्ला आणि तिन्ही तुकडे खेर्डीच्या एका लेथवर करून घेतले. तेथील कारागिरांनी कामाचे कारण विचारले आणि मग फ्रेम स्वतः हातात धरून माप घेतले. २६.४ चा तुकडा आत गेला आणि किंचित डुगडुगत होता. २६.६ चा हाताने फिरवत, हलकासा अडखळत, खाच ओलांडून खाली गेला. २६.८ चा तोंडातून गेला पण अखंड नळीत शिरला नाही, तेव्हा आम्ही तिथेच थांबलो.

मामांची सीट दोन सळ्यांची आहे, म्हणून २६.६ ची ॲल्युमिनियमची दांडी मागवली. स्थानिक दुकानांत हे माप नव्हते. कॅलॉय कंपनीची ऑनलाइन मिळाली. हातात आल्यावर आधी तिच्यावर कोरलेला आकडा पाहिला आणि व्हर्नियरवर तीन ठिकाणी तपासला. दांडीवरची किमान खोलीची खूण नळीच्या आत राहते, आणि दांडीचे खालचे टोक आडव्या नळीच्या सांध्याच्या बरेच खाली पोहोचते. ग्रीस लावून बसवली, बोल्ट पूर्वीच्या निम्म्या जोरानेही आवळला नाही, आणि कानांमध्ये अजून जवळपास दोन मिलिमीटर फट आहे.

दांडीवर नळीच्या काठाशी पेन्सिलने रेघ मारून काल हेदवीपर्यंत जाऊन आलो. घरी आल्यावर रेघ होती त्याच जागी होती. आता २५.४ ची जुनी दांडी पत्र्यासकट मामींना नेऊन दाखवणार आहे, कारण तो पत्रा कोणी आणि कधी गुंडाळला हे त्यांनाच ठाऊक असेल.