दाढेचे ‘तिसरे रूट कॅनॉल’ : मूळ की नलिका?

प्रश्न : दंतोपचारावरील मजकुरात ‘खालच्या पहिल्या दाढेला तिसरे रूट कॅनॉल आढळले’ असे वाक्य आहे. येथे मूळ अभिप्रेत आहे की नलिका? शिवाय ‘रॅडिक्स एन्टोमोलॅरिस’ला मराठीत काय म्हणावे?

उत्तर : मूळ म्हणजे जबड्यात रुतलेला दाताचा भाग, तर नलिका म्हणजे त्या मुळातून जाणारी, दाताचा गर (नसा व रक्तवाहिन्या असलेला मऊ भाग) सामावणारी बारीक पोकळी. यांतला फरक येथे अर्थच फिरवतो. खालच्या पहिल्या दाढेला सहसा दोन मुळे आणि तीन नलिका असतात. म्हणजे ‘तिसरी नलिका’ ही नित्याची बाब, तर ‘तिसरे मूळ’ हे वेगळेपण. बोलण्यात ‘रूट कॅनॉल’ हे उपचाराचेच नाव होऊन बसले आहे आणि तसे ते राहू द्यावे, पण दाताची रचना सांगताना या दोन शब्दांची सरमिसळ करू नये. वरच्या पहिल्या दाढेत तर मुळे तीनच असूनही पुढच्या, गालाकडील मुळात पुष्कळदा दोन नलिका निघतात. त्यांतल्या दुसरीचे तोंड इतके बारीक आणि दंतिनाच्या (दाताच्या आतल्या कठीण थराच्या) कडेखाली असे दडलेले असते, की ती साफ करायची राहून जाते व भरलेली दाढ पुन्हा ठणकू लागते.

‘रॅडिक्स’ म्हणजे मूळ, ‘एन्टो’ म्हणजे आतले. हे मूळ दाढेच्या मागच्या बाजूस जिभेकडे असते. ‘जिभेकडील जादा मूळ’ एवढे पुरे आहे. ‘अंतर्दंष्ट्रामूल’ असे काही घडवले, तर वाचकाला आधी त्याचाच अर्थ सांगावा लागेल. गालाकडे जादा मूळ असल्यास ते ‘रॅडिक्स पॅरामोलॅरिस’; त्यालाही ‘गालाकडील जादा मूळ’ हेच चालावे.

पुरवणी : ‘टॉरोडॉन्ट’ या वेगळ्या रचनेच्या दाढेसाठी ‘वृषभदंत’ हा शब्द मला मान्य आहे, कारण शरीररचनातज्ज्ञ आर्थर कीथ यांनी 1913 मध्ये योजलेल्या मूळ संज्ञेतही बैल आणि दात हेच दोन शब्द आहेत. मात्र सोबत खुलासा हवा : बैलाचे साम्य बाहेरच्या रूपात नसून आतल्या रचनेत आहे, म्हणजे गराची पोकळी खोलवर उतरलेली, मुळांचे बेचके खाली सरकलेले आणि मुळे आखूड. ‘सी’ आकाराच्या नलिकेला, जी खालच्या दुसऱ्या दाढेत अधिक आढळते, ‘चंद्रकोरी नलिका’ म्हणावे. देवनागरी वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ‘सी’पेक्षा कोर लवकर उभी राहते.