मदत हवी आहे: ओटावा अँकल रूल आपल्या पेशंटवर तपासायचाय

नमस्कार मंडळी, मी ऑर्थोची रेसिडेंट आहे, थिसिससाठी ओटावा अँकल रूल आमच्या कॅज्युअल्टीत कितपत चालतो ते बघायचंय, सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) द्यायची वेळ आलीय आणि गाडी अडलीय.

माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, कॅनडात इयन स्टील यांच्या टीमने १९९२ साली ७५० पेशंट तपासून हा नियम काढला. घोट्याशी दुखतंय, आणि आतल्या किंवा बाहेरच्या घोट्याच्या हाडावर मागच्या कडेला खालच्या ६ सेंमीत किंवा टोकाला दाबल्यावर दुखतं, नाहीतर लागलं तेव्हा आणि आत्ता तपासतानाही चार पावलं टाकता येत नाहीत, तरच घोट्याचा एक्स-रे. पुढे बऱ्याच देशांत तपासून झालाय, फ्रॅक्चर क्वचितच नजरेतून सुटतं आणि ३० ते ४० टक्के एक्स-रे वाचू शकतात.

आमच्याकडे मुरगळलेला प्रत्येक पाय एक्स-रेला जातो, पेशंटची त्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणून हे मनापासून करायचंय. पण भाताच्या बांधावरून घसरलेला माणूस तिसऱ्या दिवशी येतो, तोवर घरी तेल लावून चोळलेलं असतं, वर हळदीचा लेप, सूज इतकी की कुठेही बोट लावलं तरी कळवळतो. चार पावलांचं विचारलं तर म्हणतो, "चालायलाच लागलं ना डॉक्टर, घरी कोण उचलून नेणार होतं?" हे चालता आलं म्हणून धरायचं का? त्यासाठी नियमात थोडा बदल केला तर चालेल का? आणि गाइड म्हणतात नियमात बसतील त्यांचाच एक्स-रे काढ, मला ते पटत नाहीये. सँपल किती घेऊ?

प्रतिसाद:
तुम्हाला पटत नाहीये ते बरोबर आहे. नियमाने सोडलेल्यांचा एक्स-रेच नसेल तर सुटलेलं फ्रॅक्चर कळणार कसं? तुमच्याकडे तसाही सगळ्यांचा निघतो, तेच चालू ठेवा, एथिक्स कमिटीलाही हेच सांगा. नियमाप्रमाणे तपासून काय सापडलं त्याचा फॉर्म मात्र फिल्म बघायच्या आधी भरायचा आणि फिल्म वाचणाऱ्याला फॉर्म दाखवायचा नाही. लंगडत टाकलेली चार पावलंही मूळ नियमात चालणंच धरतात, त्यामुळे तसंच लिहा, चोळलं होतं का आणि कितव्या दिवशी आला हे वेगळ्या रकान्यात घ्या. १० दिवसांपेक्षा जुनी दुखापत मूळ अभ्यासातही घेतली नव्हती.

नियम आत्ता बदलू नका, बदललात की तो नवा नियम झाला आणि तो पुन्हा नव्या पेशंटवर तपासावा लागेल. सँपल पेशंटवर नाही, फ्रॅक्चरवर मोजा. ५० फ्रॅक्चरमध्ये एकही सुटलं नाही तरी खरं सुटण्याचं प्रमाण ६ टक्क्यांपर्यंत असू शकतं, १०० मध्ये ३ टक्के. जुनी रजिस्टरं काढून महिन्याला किती फ्रॅक्चर सापडतात ते आधी बघा, थिसिसच्या मुदतीत बसतंय का कळेल. आणि काही पेशंट दोघा डॉक्टरांनी वेगवेगळे तपासा, सुजलेल्या पायावर दोघांनाही दाबल्यावर एकाच जागी दुखणं सापडतं का, हे तुमच्याकडे सगळ्यात आधी कळायला हवं.